‘मर’ म्हणणारी होडी

बाजाराच्या दिवशी झिलू तारी काळी नदीच्या अल्याड उभा राहून हाक मारायचा, तेव्हा पल्याडचा माणूस आधी मागे वळून बघायचा. कारण हाक झिलूच्या आवाजात नसायचीच. कधी ती त्या माणसाच्या सासऱ्याच्या खाकऱ्यासकट यायची, कधी जंगलखात्याच्या गार्डाच्या गुरगुरीत, तर कधी घरी चुलीपुढे सोडून आलेल्या त्याच्याच बायकोच्या सुरात. ‘‘अवो, मीठ इसरलासा तर घरात पाय ठेवू नगा!’’ माणूस दचकायचा, काठावरचे सगळे खोखो हसायचे, आणि झिलू वल्ह्यावर हात ठेवून असा गप्प उभा राहायचा, जणू तोंड हा अवयव त्याला दिलेलाच नाही.

सुप्याला काळी नदीवर तर होती. तर म्हणजे माणसं पार करायची सोय आणि ती चालवणारा तो तारी. झिलूचा आजा तारी, बाप तारी, म्हणून झिलू तारी. कुणब्यांच्या घरात भाताचे दोन-चार तुकडे असायचे तसे झिलूच्या घरातही होते. पण पोट आणि पत, दोन्ही तरीवर. अन् तरीवर काय येत नव्हतं! लोंढ्याकडचे व्यापारी मराठीत घासाघीस करत यायचे, हळ्याळकडचे गाडीवान कानडीत कुरकुरत यायचे, गोव्याकडचे कोकणीत गात यायचे. झिलूचे कान सगळं आत घ्यायचे आणि तोंड सगळं परत द्यायचं, जसंच्या तसं. कानडी गाडीवान बैलाला जी शिवी घालायचा ती झिलू इतकी अस्सल घालायचा की अडलेले बैल चालू लागायचे. शिवीचा अर्थ काय, असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘‘मला काय ठावं? बैलाला इचार, त्याला कळली.’’

एवढंच होतं त्याचं. आवाज हुबेहूब, अर्थाशी देणंघेणं नाही. मोठ्या लढाईच्या आधीच्या त्या वर्षांत एका उन्हाळ्यात मात्र अर्थावाचून त्याचं अडलं.

झालं असं, की आज्याच्या वेळची डोणी, आंब्याचं आख्खं खोड कोरून केलेली, बुडाला उभी चिरली. राळ भरून झाली, चिंध्या कोंबून झाल्या. पाणी आपलं येतच राहिलं. नेमका त्याच वेळी बंगल्यातला जंगलचा साहेब बदलून विलायतेला निघाला. त्याची एक सागवानी होडी होती, कारवारला बांधून घेतलेली, पांढऱ्या रंगाची. सुटीच्या दिवशी तीत बसून तो गळ टाकायचा, अन् ती नेऊन-आणायचं काम झिलूकडे असायचं. जाताना साहेबाने झिलूच्या पाठीवर थाप मारली आणि होडी त्याला देऊन टाकली. होडीच्या नाकाडावर निळ्या रंगात तिचं नाव होतं. ते वाचता येणारं काठावर कुणी नव्हतं, पण ऐकलं सगळ्यांनी होतं. कारण साहेब होडी बोलवायचा ती घसा फोडून.

बाजाराचा दिवस आला. पांढरीशुभ्र होडी धक्क्याला लागलेली, भोवती हीऽऽ गर्दी. झिलूला राहवेना. त्याने छाती पुढे काढली, हनुवटी उचलली, एक अदृश्य चिरूट दाताखाली धरला, आणि साहेबाच्या घशातून ओरडला, ‘‘मर्रर्रमेड! अहॉऽऽय!’’

हसून हसून लोकांची गाठोडी सुटली. पहिली खेप भरली. नदीच्या मध्यावर बायजाच्या टोपलीतली कोंबडी फडफडली, होडीच्या काठावरनं उडाली आणि पाण्यात गेली. दोन गटांगळ्या, संपलं.

होडीत कान्हू बसला होता. कान्हू म्हणजे ज्याच्यापुढे मयताला आलेले लोकही हसू दाबायला तोंडावर पंचा धरायचे असा माणूस. तो शांतपणे म्हणाला, ‘‘हुडी म्हनली मर, कोंबडी म्हनली बरं.’’

झालं. त्या दिवशी सगळे हसले, झिलू सगळ्यात जास्त. कान्हूचं ते बोलणं त्याने कान्हूच्याच आवाजात काठावर दहा जणांना करून दाखवलं. पण विनोदाला पाय फार. तो रानातनं दिग्गीपर्यंत पोचला, आणि परत आला तेव्हा त्यातलं हसू वाटेत कुठेतरी गळलं होतं. पुढच्या बाजारी लोक आले, होडीकडे बघितलं, आणि वरच्या अंगाला खडकांवरनं पाय टाकत, लुगडी-धोतरं खोचून, चालत नदी उतरले.

‘‘गे बायजाक्का, बस की!’’ झिलू म्हणाला.

‘‘नगं रे बाबा. जी हुडी सोताच मर म्हनतीया, तिच्यात कोन बसंल? कोंबडीचं झालं ते झालं, माजी पोरं ल्हान हाइत.’’

उन्हाळ्यात खडकांवरून जाता येतं. मिरगानंतर त्या खडकांवर पुरुषभर पाणी असतं, तेव्हा तरीवाचून सुटका नाही. आणि कचेरीतून निरोप आला होता: पावसाआधी लोक ज्याच्या होडीत बसतील, त्यालाच तरीचं काम. खानापूरकडचा परशुराम नवी डोणी घेऊन येऊन थांबला होता. वाईट माणूस नव्हे तो. झिलूला रोज तंबाखू विचारायचा. पण भल्या माणसालाही डोणी पाण्यात घालायचीच असते. अन् झिलूच्या हातची तर गेली, की उद्यापासून त्याच्या हातात कुऱ्हाड, आणि त्याचं तोंड कुठल्यातरी कुपात, म्हणजे लाकूडतोडीच्या रानात, जिथे नकला बघायला फक्त साग उभे.

झिलूची बायको फुला त्या रात्री नव्हे, भर दुपारी त्याला बोलली. तिला बोलायला रात्र लागत नसे. ‘‘खरवडून टाकतो म्हनतासा नाव? आक्षर खरवडाल. मानसांच्या तोंडातलं कशानं खरवडाल? तुमच्याच तोंडातनं ग्येलंय ते.’’

‘‘अगं, पन त्याचा अर्थ मर न्हाईच मुळी!’’

‘‘मग काय हाय?’’

‘‘त्येच तर ठावं न्हाई.’’

फुला विचारात पडली. ‘‘मेर म्हंजे शेताचा बांध. मेढ म्हंजे खांब. बांधावरचा खांब असंल.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘म्हंजे जाग्यावरनं हलायची न्हाई. ह्ये मातर खरं हाय.’’

शेवटी झिलू तुळजाअज्जीकडे गेला. दोन नद्या मिळतात त्याच्या खाली एक कोंड आहे, नदीतला खोल डोह, काळाशार, उन्हाळ्यातही तळ न दिसणारा. तिथे आसरा राहतात, सात बहिणी. त्यांचं हळदकुंकू, नारळ, सगळं तुळजाअज्जीकडे. ती होडीत बसली असती तर गाव बसलं असतं.

‘‘अज्जी, तू येकदा बस गे. तुझ्या मागनं समदे येत्यात.’’

अज्जी सुपात तांदूळ पाखडत होती. पाखडणं थांबलं नाही. ‘‘घरात नवी सून आली तर काय इचारत्यात रे?’’

‘‘नाव.’’

‘‘आनि?’’

‘‘कुनाची, कुठली.’’

‘‘तुझ्या आज्यानं डोनी पाण्यात घातली तवा मी नवी नवरी हुते. कोंडावर हुबा ऱ्हाऊन त्यानं सांगितलं, ‘बायांनो, ही तांबडी. तांबड्या आंब्याची ल्येक म्हनून तांबडी. दिग्गीच्या रानातनं आलीया, तुमच्या दारातनं जाईल-येईल, वळख असू द्या.’ असं सांगाय लागतं. नाव, आनि त्ये नाव का, त्येबी.’’ आता सूप थांबलं. ‘‘तू काय सांगनार? त्यांच्या दारात जाऊन त्यास्नीच मर म्हननार व्हय?’’

झिलू उठून उभा राहिला.

‘‘अर्थ घिऊन ये,’’ अज्जी म्हणाली. ‘‘मग बसते.’’

असा झिलू जन्मात पहिल्यांदा एका शब्दाचा अर्थ शोधायला निघाला.

पहिला थांबा शाळा. भिकाजी मास्तर बेळगावला इंग्रजी चार यत्ता शिकून आलेले, आणि बोलायचे नाकातून, दर वाक्याला ‘काऽय?’ लावून. त्यांनी डोळे मिटले, शब्द दोनदा पुटपुटला. ‘‘मेड. मेड म्हणजे मुलगी. बिनलग्नाची, काऽय? आता बंगल्यावर मेड म्हणतात ती मोलकरीण, पण मूळ अर्थ कुमारिका. हे निश्चित.’’

झिलूचा चेहरा उजळला. ‘‘आन् मर?’’

‘‘मियर. मियर म्हणजे नुसती. फक्त. काऽय? तर नुसती मोलकरीण.’’

नुसती मोलकरीण! हे घेऊन कोंडावर जायचं? ‘बायांनो, ही नुसती मोलकरीण, वळख असू द्या’? सात बहिणी तिला भांड्यालाच बसवतील. पण मेड म्हणजे मुलगी, एवढं झिलूने कमरेला खोचलं आणि बंगल्याकडे वळला.

बंगल्यावर मिंगेल कुजनेर होता, कुजनेर म्हणजे साहेबाचा स्वयंपाकी, गोव्याचा, पोट आधी आणि मग मिंगेल येणारा. त्याने कांदा चिरता चिरता ऐकलं, आणि सुरी हवेतच राहिली.

‘‘मार? अरे पिशा, मार म्हणजे दर्या! आमच्या पाद्रीच्या पोर्तुगेजीत दर्याक मार म्हणतात. नुसती-बिसती काय नाय. मार, दर्या!’’ आणि आवाज खाली आणून, ‘‘मरमेडीचं चित्र पळयलंय मी सायबाच्या बुकांत. कमरेवयर बायल, कमरेखाल नुस्तें.’’

‘‘नुसतीच की मग! मास्तर तर म्हनत हुता,’’ झिलू म्हणाला.

‘‘नुस्तें म्हणजे मासळी, बाबा!’’

झिलूचं डोकं गरगरलं. एक ‘मर’ मरणाचं, एक ‘मियर’ नुसतेपणाचं, एक ‘मार’ दर्याचा, घरी बांधावरची ‘मेर’. वर ही कोकणी नुस्तें येऊन बसलेली. एकसारखे आवाज, अन् प्रत्येकाच्या पोटात वेगळंच. आजवर त्याला वाटायचं, आवाज नीट धरला की शब्द धरला. हे म्हणजे एकसारख्या पाच टोपल्या, आणि कोंबडी कुठलीत आहे ते झाकण काढल्याशिवाय कळू नये.

‘‘पन मिंगेल, इंग्रज पोर्तुगीज कशाला बोलंल? आन् दर्या हितं कुठाय? ही नदी हाय.’’

मिंगेल पुन्हा कांद्याकडे वळला. तेव्हा झिलूने आपल्याला येत होतं ते केलं. स्वयंपाकघराच्या दारातनं तोंड बाहेर काढून, अदृश्य चिरूट चावून, तो ओरडला, ‘‘मर्रर्रमेड! अहॉऽऽय!’’

व्हरांड्यात कप आदळला. नवा साहेब, चष्मेवाला, लांब मानेचा, धावतच बाहेर आला. त्याला वाटलं जुना साहेब परतला. समोर बघतो तर लंगोटीतला कुणबी. मग जे हसला! मिंगेलला मध्ये घालून त्याने सगळी हकीकत काढून घेतली. कोंबडीचं दोनदा सांगायला लावलं.

मग तो खुर्चीत मागे रेलला. नव्या साहेबाला रानापेक्षा शब्दांचं वेड जास्त आहे, हे मिंगेलला ठाऊक होतं. पुस्तकाच्या नादात सूप गार करून घेणारा माणूस तो. साहेब बोलत होता, मिंगेल त्याच्या कोकणी-मराठीत ओतत होता, आणि ओतताना थोडं सांडत होता.

‘‘सायब सांगता, मास्तर अर्दो खरो. मेड म्हणजे चलीच, मुलगी. पण ती ‘नुसती’ वेगळी. आवाज एक, शब्द दोन.’’

‘‘आन् मार?’’

‘‘सायब सांगता, मिंगेलय अर्दो खरो.’’ मिंगेल फुगला. ‘‘त्यांच्या पयल्या पूर्वजांक एक शब्द आसलो, मेरे. अर्थ पाणी. मोठं, पसरलेलं पाणी. दर्या आसूं, तळं आसूं, शब्द एकच. आता तो मेलो... म्हणजे शब्द मेलो रे, घाबरू नको! त्यांच्या गावच्या कायी तळ्यांच्या नांवाच्या शेपटेक तेवढो लोंबता. पोर्तुगेज मार आणि तो मेरे एकाच आज्जीची नातवंडां, सायब सांगता. दोन घरांनी वाढलेली.’’

‘‘मग मरमेड म्हंजे...’’ झिलू एक एक पाऊल टाकावं तसं म्हणाला, ‘‘पाण्याची पोर?’’

मिंगेलने विचारलं. साहेबाने मान हलवली, आणि हसत पुढे म्हणाला की त्याच्या देशातही हे फार जणांना ठाऊक नाही. ते शब्द म्हणतात, पुढे जातात. कुणी विचारत नाही.

‘‘माज्यावानी हाइत की!’’ झिलू म्हणाला. ह्याचं भाषांतर केलं नाही मिंगेलने.

आता साहेबाने चष्मा सरसावला आणि उलटा प्रश्न टाकला: तुमच्या नदीत कोण राहतं?

‘‘आसरा,’’ झिलू म्हणाला.

त्याचा अर्थ काय?

ही चांगलीच पंचाईत. रोज ज्यांच्या दारातनं ये-जा, त्यांच्या नावाचा अर्थ झिलूने कधी विचारला नव्हता. ‘‘आसरा म्हंजे... आसरा. पावसात झाडाखाली घेतो तसा,’’ तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की मियरसारखीच ही दुसरी टोपली असणार.

तो उतारावरून धावत शाळेत आला. मास्तर घंटेचा हातोडा हातात घेऊन उभे होते. ‘नुसती’ चुकलं हे ऐकून ते थोडे खट्टू झाले. पण नवा प्रश्न ऐकला आणि नाकातला आवाज खुलला.

‘‘हे मला येतं! अप्सरा, काऽय? अप म्हणजे पाणी. सरा म्हणजे सरणारी. पाण्यात सरणारी ती अप्सरा, असं आमचे शास्त्री सांगत. तुमच्या लोकांनी बोलून बोलून झिजवली, तिची आसरा झाली. नदीच्या वाळूतला गोटा बघतोस ना, काऽय? मूळचा खडकच असतो तो.’’

झिलू तिथेच पायरीवर बसला. पाण्याची पोर. पाण्यात सरणारी. एक शब्द समुद्रापलीकडून आलेला, एक इथे कोंडात कायमचा, आणि पोटात दोघींच्या पाणी.

पुढचा बाजार हा पावसाआधीचा शेवटचा, असं सगळे धरून होते; सह्याद्रीच्या अंगाला काळे ढग दाटले होते. झिलूने होडी वल्हवत कोंडापाशी नेली आणि काठावरच्या खडकाला बांधली. लोक जमले. परशुरामही आला, तंबाखू मळत. तुळजाअज्जी खडकावर बसली, मांडीवर हळदकुंकवाचं ताट, शेजारी बाजारला न्यायची कोंबडी, पाय बांधलेली.

‘‘सांग,’’ ती म्हणाली.

झिलूने सुरुवात केली ती मास्तरांपासून. नाक चिमटीत धरलं, ‘काऽय?’ लावलं, मेडचा अर्थ सांगितला. लोक फुटले. मग पोट पुढे काढून मिंगेल झाला, दर्या गाजवला, नुस्त्यांचा घोळ घातला. कान्हू आडवा झाला हसून. मग चष्मा लावलेला साहेब, मग तळ्यांच्या नावांच्या शेपटीला लोंबणारा जुना मेरे. सगळं बरोबर, अक्षर न् अक्षर. संपलं तेव्हा लोक डोळे पुसत होते.

आणि कुणी होडीकडे एक पाऊल टाकलं नव्हतं.

‘‘झक्कास झालं,’’ तुळजाअज्जी म्हणाली. ती हसली नव्हती. ‘‘मास्तर बोलला. गोयकार बोलला. सायब बोलला. नदीवरची तर कुनाची हाय? त्यांची? आसरांच्या दारातनं रोज कोन जानार, मिंगेल?’’

‘‘मी.’’

‘‘मग तू बोल की रे.’’

झिलू कोंडाकडे वळला. नेमका कुणाचा आवाज लावावा ह्यासाठी त्याचा घसा सवयीने चाचपडला. सासऱ्यांचे, गार्डांचे, गाडीवानांचे आवाज हाताशी होते, हा एक तेवढा सापडेना. मग आला तो जरा चिरका, घाबरलेला निघाला. काठावरच्या अर्ध्या लोकांनी तो पहिल्यांदाच ऐकला.

‘‘बायांनो,’’ तो म्हणाला. ‘‘मी झिलू. तांबडीच्या घरचा. मी नवी हुडी आनली आन् तुमास्नी सांगितलंच न्हाई. नुसताच तिचं नाव वरडत सुटलो, ते काय हाय ते इचारल्याबिगार. हिचं नाव मरमेड. हितला मर न्हवं त्यो. तिच्या मुलखाच्या जुन्या मानसांचा शबूद हाय, त्याचा अर्थ पाणी. मेड म्हंजे पोर. पाण्याची पोर. तुमी पाण्यात सरनाऱ्या, ही पाण्यावर सरनारी.’’ तो थांबला. त्याचा हात होडीच्या सागाच्या फळीवर होता, आणि फळीवरनंच पुढचं सुचल्यासारखं तो म्हणाला, ‘‘आन् परकीबी न्हाई ही. कारवारात बांधली, पन कारवारात साग कुठला? हितनंच तोडून, ह्याच पाण्यावर सोडून खाली नेत्यात समदा. तुमच्या दारातनंच वाहत ग्येली आसंल ही लाकडं. नाव घिऊन परत आलीया. म्हायेराला आलीया म्हना. वळख असू द्या.’’

कोंडाचं पाणी जसं होतं तसंच होतं. कुठेतरी खंड्या एकदा ओरडला.

‘‘लगीन झालंय का तिचं?’’ तुळजाअज्जीने विचारलं.

‘‘न्हाई. मेड म्हंजे बिनलग्नाची. मास्तरनं पक्कं सांगितलंय.’’

‘‘मग ओटी न्हाई भरत. बांगडी घालते.’’ ती उठली, हातातली एक हिरवी काचेची बांगडी काढली आणि वल्हं अडकवायच्या खुंटीत सरकवली. हळद लावली, कुंकू लावलं. मग कोंबडी काखेत मारली, लुगडं सावरलं, झिलूच्या खांद्याचा आधार घेतला आणि होडीत जाऊन बसली. कोंबडीच्या पाठीवर हात दाबून ठेवला, एवढी काळजी मात्र घेतली.

‘‘चल गे मरमाई,’’ ती म्हणाली.

‘‘अज्जी,’’ काठावरनं कान्हू ओरडला, ‘‘बिनलग्नाची आन् माई कशी गे?’’

‘‘गप बस, मुडद्या. पाण्याची असली की माईच. येतोस का चालत जातोस?’’

कान्हू आला. त्याच्यामागनं बायजा आली, पोरं काखेत-पाठीवर घेऊन. मागे वळून बघितलं तर रांग लागली होती, आणि परशुराम तंबाखू झटकून आपली डोणी गाडीवर चढवायला माणसं शोधत होता. पहिली खेप पल्याड लागली. परतीच्या गिऱ्हाइकांना बोलवायला झिलूने छाती पुढे काढली, चिरूट दाताखाली घेतला, ‘मर्र’ ओठांवर आणला. आणि मग तो चिरूट थुंकून टाकला.

ऐकलेला प्रत्येक शब्द झिलू जन्मभर जसाच्या तसा परत देत आला होता, ह्याही वेळी त्याने ऐकला तसाच दिला. फक्त ह्या वेळी तो साहेबाचा नव्हता, अज्जीचा होता.

‘‘मरमाई आलीया होऽऽ!’’

शाळेच्या दारात भिकाजी मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण शब्द झिजायला सुरुवात झाली होती. पुढे ती होडी जुनी झाली, निळी अक्षरं उडाली; झिलूने दुसरी घातली, तिलाही कोंडावर उभं राहून त्याने ओळख सांगितली, स्वतःच्या चिरक्या आवाजात. नकला त्याने सोडल्या नाहीत. पण एखाद्या नव्या माणसाच्या तोंडातून नवा शब्द आला, की नक्कल करायच्या आधी तो आता वल्हं थांबवायचा आणि विचारायचा, ‘‘त्याच्या पोटात काय हाय?’’ माणूस गोंधळायचा. झिलू होडी प्रवाहात तशीच धरून ठेवायचा, उत्तर मिळेपर्यंत.